मुलांची तस्करी आणि चर्चचं जागृतीचं काम: पुण्यातून सारखे येणारे प्रश्न

आम्ही पुण्यातल्या वेगवेगळ्या चर्चची काही मंडळी मिळून हे काम करतो. सेशन संपलं की कोरे कागद वाटतो, नाव न घालता प्रश्न लिहा म्हणून, शिवाय व्हॉट्सॲपवर येतात ते वेगळेच. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केलेत. एका उत्तरात जे सांगितलंय ते दुसरीकडे परत लिहिलं नाहीये, फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ट्रॅफिकिंग म्हणजे मुलं पळवणारी टोळी ना? ती व्हॅनमधून येते ती?

बहुतेक वेळा नाही. मुलाला घेऊन जाणारा माणूस ओळखीचा असतो, गावातलाच, लांबचा मामा, आधी तिकडे गेलेली मैत्रीण, मुकादम, हल्ली इन्स्टावर दोन महिने गोड बोललेला मुलगा पण. तो पळवत नाही, पटवतो. काम देतो, शिकवतो, लग्न लावून देतो असं काहीतरी सांगून नेतो आणि मग तिथे राबवून घेतो, धंद्याला लावतो किंवा भीक मागायला बसवतो. कायद्यातही तेच आहे, शोषण करायच्या हेतूने कुणाला मिळवणं, नेणं, ठेवून घेणं, पुढे सोपवणं किंवा ताब्यात घेणं, यातलं काहीही धमकी, फसवणूक किंवा लालूच वापरून केलं की तो गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये येतं (आधी आयपीसी ३७०), आणि मूल असेल तर कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. मूल म्हणजे १८ च्या आतलं कुणीही, मिशा फुटलेला १७ वर्षांचा पोरगा पण मूलच.

आणि ते व्हॅनवाले मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं, भिक्षा मागून पोट भरणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती.

२. पण हे बिहार-बंगालकडचं ना? पुण्यात कुठे होतं असं?

पुण्यात मुलं आणली जातात, पुण्यातून नेली जातात आणि पुण्यावरून पुढे पण जातात. बुधवार पेठ सगळ्यांना माहितीय, दगडूशेठच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण त्या गल्लीच्या तोंडावरून जातो, आणि तिथल्या बऱ्याच बायका बंगाल, कर्नाटक, नेपाळ, बांगलादेशातून लहानपणी आणलेल्या असतात. पण सगळं बोट बुधवार पेठेकडे दाखवलं की आपली सोसायटी सुटते असं मला नेहमी वाटतं. हॉटेलच्या मागच्या मोरीत भांडी घासणारा पोरगा, बांधकामाच्या साइटवरचा, सिग्नलला झोपलेलं बाळ घेऊन उभी असलेली बाई, फ्लॅटमध्ये बाळ सांभाळायला आणलेली बारा वर्षांची ताई, हे आपण रोज बघतो. आणि पुण्याबाहेर फार लांब जायला नको, २०२२ मध्ये इगतपुरीकडच्या कातकरी मुलांना थोड्या पैशांच्या बदल्यात नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला नेल्याचं उघड झालं, आणि ते पण एक मुलगी दगावली तेव्हा. वेठबिगारीवर १९७६ पासून बंदी आहे, तरी हे.

३. यात चर्चने का पडायचं? पोलिसांचं काम आहे हे.

पकडणं पोलिसांचं काम, बरोबर. पण पालकाच्या दारात पोलीस पोचतात तेव्हा मूल गेलेलं असतं, त्याआधी त्या घरात कोण बसतं? महिला मंडळाची ताई, संडे स्कूलची टीचर, पाळकसाहेब. मंडळीची माणसं वस्तीत राहतात, कुठल्या घरात कर्ज झालंय, कुणाची शाळा सुटलीय हे त्यांना आधी कळतं.

दुसरं, पुणे जिल्ह्यात हे नवीन नाहीये. पंडिता रमाबाईंनी विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन १८८९ ला मुंबईत काढलं, पुढच्या वर्षी पुण्याला आणलं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या कारण उपाशी मुलींना तिथे कोणीही उचलून नेत होतं, आणि त्या मुलींना त्यांनी इकडे आणलं. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, दौंडच्या गाडीत बसलात की लागतं, आजही चालू आहे. आणि बायबल वाचणाऱ्याला तर योसेफाची गोष्ट पाठच असते, भावांनीच चांदीच्या वीस नाण्यांना विकलेला मुलगा. आपण संडे स्कूलमध्ये त्याच्या रंगीबेरंगी झग्याचं चित्र रंगवून घेतो आणि विकणारे घरचेच होते हा भाग पटकन उरकतो.

४. तुम्ही नक्की काय करता? रेड टाकून मुली सोडवता का?

नाही, आणि जे हौशी लोक तसं करायला जातात त्यांना पण आम्ही थांबवतो. छापा पोलिसांचा असतो. मधे कुणी घुसलं की मुली मागच्या दाराने हलवल्या जातात, केस कोर्टात ढिली पडते, आणि ज्या मुलीचा व्हिडिओ काढला तिचं आयुष्यभराचं नुकसान.

आम्ही सेशन घेतो. चर्चमध्ये, वस्तीत, शाळेत, होस्टेलवर. भाषण कमी, चिठ्ठ्यांचा खेळ जास्त. कामाच्या ऑफर लिहिलेल्या चार चिठ्ठ्या असतात आणि कुठल्या चिठ्ठीवर मुलीला पाठवाल ते ग्रुपने ठरवायचं. तिसऱ्या चिठ्ठीत असं असतं: मुंबईत पार्लरचं ट्रेनिंग, राहणं-खाणं फ्री, आईला पाच हजार ॲडव्हान्स, आधार कार्ड मॅडमकडे जमा, पहिले तीन महिने घरी फोन नाही. येरवड्याच्या एका वस्तीतल्या सेशनला बायका यावर जोरात वाद घालत होत्या, पाच हजार मिळतायत तर काय वाईट वगैरे, आणि कोपऱ्यातली एक मावशी म्हणाली की ही चिठ्ठी तर आमच्या घरी आली होती, फक्त पार्लरच्या जागी नर्सिंग होतं. त्यानंतर हॉलमध्ये आम्हाला काही समजवायची गरजच पडली नाही, त्याच एकमेकींना सांगत होत्या की आधार आणि फोन काढून घेणारा माणूस नोकरी देत नसतो.

५. खरं सांगा, हे धर्मांतराचं काम आहे ना?

हा प्रश्न कागदावर दर वेळी असतोच, आणि विचारणाऱ्याचा राग येत नाही, कारण प्रश्नाला इतिहास आहे. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतायत यावरून पुण्यात एवढं वादळ झालं की रानडे-भांडारकरांसारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, केसरीत टीका आली. म्हणजे सव्वाशे वर्षांपासून पुणं हे विचारतंय.

आमच्यापुरतं उत्तर असं की वस्तीत किंवा शाळेत सेशन असेल तर तिथे प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, बायबल वाटणं नाही. चर्चमधल्या सेशनला वचन वाचतो कारण ती उपासनेची जागा आहे आणि येणारे त्यासाठीच आलेले असतात. संकटातून बाहेर आलेलं मूल हे त्या वेळी कुणाच्याही हो ला हो म्हणतं, त्या अवस्थेत त्याला धर्म विचारणं हे मला स्वतःला चुकीचं वाटतं, ख्रिस्ती म्हणून सुद्धा. आणि सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत पालकाच्या संमतीशिवाय लहान मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८ मध्ये आहेच.

६. संशय आला तर काय करू? उगाच कुणावर आळ नको यायला.

१०९८ ला फोन करा. चोवीस तास, फ्री, कुठल्याही मोबाइलवरून. हा नंबर १९९६ ला मुंबईत सुरू झाला, आधी संस्था चालवायच्या, २०२३ पासून सरकारकडे गेलाय आणि ११२ ला जोडलाय. मूल आत्ता धोक्यात असेल, मारहाण वगैरे चालू असेल, तर सरळ ११२. रेल्वेत असाल तर १३९, किंवा प्लॅटफॉर्मवरचा आरपीएफचा माणूस गाठा, त्यांची मुलांसाठीची मोहीमच आहे, नन्हे फरिश्ते नावाची.

आळ येईल ही भीती सोडा, तुम्ही आरोप करत नाहीये, माहिती देताय, तपास त्यांनी करायचा. बघायचं काय? पुणे स्टेशनवर एक माणूस आणि चार पोरं, चौघांच्या पायात एकसारख्या नव्या चपला, सामान एकच पिशवी, आणि पोराला नाव विचारलं की ते आधी त्या माणसाच्या तोंडाकडे बघतं. याचा अर्थ गुन्हा आहेच असं नाही, काका भाच्यांना घेऊन निघाला असेल, पण फोन करण्याइतकं ते पुरेसं आहे. गाडी नंबर, डबा, कपड्यांचा रंग, वेळ एवढं लक्षात ठेवा. त्या माणसाशी हुज्जत नको, आरडाओरडा करून गर्दी जमवायला तर अजिबात नको (राईनपाडा आठवा), फोटो काढलाच तर फक्त पोलिसांना द्या, ग्रुपवर नाही.

७. फोन केल्यावर मुलाचं काय होतं? सुधारगृहात टाकतात म्हणे.

सुधारगृहात टाकतात हा गैरसमज फार आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी वेगळी व्यवस्था असते, ही मुलं पीडित असतात. मूल मिळाल्यापासून २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) बाल कल्याण समितीपुढे आणावं लागतं. समिती मेडिकल करायला लावते, घरची चौकशी करते, आणि मग घरी सोडायचं की बालगृहात ठेवायचं ते ठरवते. घरच्यांनीच पाठवलं असेल तर लगेच घरी सोडणं धोक्याचं असतं म्हणून वेळ लागतो. लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) लागतो, जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, युनिफॉर्म न घालता, मुलाला जिथे बरं वाटेल तिथे घ्यायचा. प्रत्यक्षात दर वेळी सगळं असं शिस्तीत होतं असं म्हणणार नाही, म्हणूनच मुलासोबत सपोर्ट पर्सन (केसमध्ये मुलाला साथ देणारा माणूस) मागता येतो हे लक्षात ठेवा.

८. मुलगी स्वतः म्हणते मी माझ्या मर्जीने आले. आईबापांनीच पैसे घेतलेत. मग गुन्हा कसा?

तरी गुन्हाच. प्रश्न १ मधल्या कलमात स्पष्ट लिहिलंय की पीडिताची संमती होती की नाही याला महत्त्व नाही. आणि मुलावर ज्याचा ताबा आहे त्याला पैसे देऊन त्याची संमती मिळवणं हा तर त्या कलमातलाच एक प्रकार आहे, म्हणजे बापाच्या हातावर पैसे ठेवले म्हणून सौदा कायदेशीर होत नाही, उलट तोच पुरावा होतो. मुलगी मर्जीने आले का म्हणते, तर तिला तसं पढवलेलं असतं, वय १९ सांगायचं हे पण पढवलेलं असतं, किंवा घरच्या कर्जाचं ओझं तिने स्वतःवर घेतलेलं असतं.

९. आम्ही गावाकडून एक मुलगी आणलीय घरकामाला. चांगलं ठेवतो, पगार गावी पाठवतो. हे पण त्यातच येतं का?

वय किती? १४ च्या आत असेल तर तुम्ही कितीही चांगलं ठेवत असाल तरी बेकायदेशीर आहे, २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ च्या आतल्या मुलाला कुठल्याच कामाला ठेवता येत नाही, अपवाद शाळा सांभाळून स्वतःच्याच घरच्या धंद्यात मदत वगैरे. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. १४ ते १८ मधली असेल तर धोक्याचं काम नको हा नियम, पण बाल न्याय कायद्याचं कलम ७९ बघा, मुलाला कामासाठी बांधून ठेवणं किंवा त्याची कमाई स्वतःकडे ठेवणं यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मग स्वतःला विचारा, तिला उद्या घरी जायचं म्हटलं तर जाता येतं का, फोन तिच्या हातात आहे का, पगाराचा आकडा तिला माहितीय का, आणि तिला आणून देणाऱ्या माणसाने तुमच्याकडून किती घेतले. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देताना लोक नेहमी चहा मागवतात.

१०. मूल सापडत नाहीये, चौकीत म्हणतात २४ तास थांबा.

थांबू नका. मूल हरवलं की लगेच एफआयआर, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ लाच सांगितलंय, आणि सुरुवातीपासून अपहरण किंवा तस्करी धरूनच तपास करायचा असंही. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवता येणारा) मागा. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर केस अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जाते. अलीकडचा फोटो आणि मुलाचा मोबाइल नंबर सोबत न्या.

११. आमच्या चर्चचं छोटं होस्टेल आहे, गावाकडची गरीब मुलं राहतात. ते तर पुण्याचंच काम आहे ना?

हेतू पुण्याचा असेल, पण या प्रश्नावर आम्ही आपल्याच लोकांशी सगळ्यात जास्त भांडतो. एजंट गावात जाऊन पुण्याला शाळेत घालतो, ख्रिस्ती होस्टेल आहे, सगळं फ्री असं सांगून मुलं गोळा करतो, आईवडील धडधाकट जिवंत असताना ती मुलं इथे अनाथ म्हणून दाखवली जातात, त्यांच्या फोटोवर परदेशातून देणगी येते. हे चर्चच्या नावाखाली होतं आणि ते होतं हे आपणच म्हटलं पाहिजे.

काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलं ठेवणाऱ्या संस्थेची बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ खाली नोंदणी लागते. ट्रस्टची नोंदणी वेगळी, ती दाखवून भागत नाही. नोंदणी नसेल तर चालवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा कमीत कमी एक लाख दंड, किंवा दोन्ही. कुठलंही मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाशिवाय परस्पर ठेवून घ्यायचं नाही, पास्टरच्या चिठ्ठीवर तर नाहीच. फक्त शाळेचं होस्टेल असेल, पालक स्वतः आणून सोडतात, सुट्टीत घेऊन जातात, तर गोष्ट वेगळी, पण मग पालकांचा नंबर, पत्ता, संमतीपत्र फाइलला हवं आणि मुलाने घरी फोन करायचा म्हटलं तर कुणी अडवता कामा नये.

आणि ती नाताळची केकवाली मंडळी! दर डिसेंबरला ग्रुप येतो, मुलांना ओळीत बसवतो, सांता टोप्या घालून फोटो, स्टेटस, गेले. त्याच कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड होईल असं नाव, फोटो, शाळा काहीच छापता किंवा टाकता येत नाही. केक द्या की, फोटो नको.

१२. युथ कॅम्पला मुलांना ट्रेनने नेतो. कुणी अडवलं तर?

ही भीती जुलै २०२५ नंतर वाढलीय, छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन ननना तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपाखाली अटक झाली, सोबतच्या मुली सज्ञान आहेत आणि मर्जीने चालल्यात असं कुटुंबांचं म्हणणं होतं, आठवड्याभराने जामीन मिळाला. तेव्हा कागद नीट ठेवा. प्रत्येक मुलाच्या पालकाचं सहीचं पत्र, त्यात जागा, तारखा, सोबतच्या मोठ्या माणसांची नावं, मुलाच्या ओळखपत्राची कॉपी, पालकांचे चालू नंबर. मुली असतील तर सोबत बाई हवीच. संस्थेतली मुलं असतील तर समितीची परवानगी. आणि अडवलं की चिडू नका, आपणच लोकांना संशय आला तर विचारा म्हणून शिकवतो ना.

१३. एका गरीब बाईला बाळ नकोय, आणि चर्चमधलं एक जोडपं बारा वर्षं मुलासाठी प्रार्थना करतंय. परस्पर दिलं तर?

परस्पर नाही. स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं तरी नाही, पैशाची देवाणघेवाण झाली असेल तर ती बाल न्याय कायद्याच्या कलम ८१ प्रमाणे मुलाची विक्री, पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख दंड, त्यात हॉस्पिटलचा माणूस असेल तर तीन ते सात वर्षं. पैसे नसले तरी नियम डावलून दत्तक देणं-घेणं हा कलम ८० खाली गुन्हा आहेच. त्या बाईला बाल कल्याण समितीकडे घेऊन जा, तिथे ती बाळ सरेंडर करू शकते, निर्णय बदलायला ६० दिवस मिळतात. जोडप्याने काराच्या (केंद्र सरकारची दत्तक यंत्रणा) पोर्टलवर नाव नोंदवायचं. पूर्वी ख्रिस्ती लोकांना कायद्याने फक्त पालकत्व मिळायचं, १८९० च्या कायद्याखाली, म्हणून आपल्याकडे असं घरातल्या घरात देणं-घेणं चालायचं. आता बाल न्याय कायद्याने ख्रिस्ती माणसालाही पूर्ण दत्तक घेता येतं, वाट बघावी लागते एवढंच.

१४. मी पाळक आहे. कुणी विश्वासाने येऊन सांगितलं की घरात मुलावर अत्याचार होतोय, तर ते गुप्त ठेवायचं ना?

नाही. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने कळवायचं आहे आणि त्यात पाळक, फादर, काउन्सेलर यांना सूट दिलेली नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर वर्षापर्यंत. कॅथलिक फादरना पापनिवेदनाचा प्रश्न पडतो हे समजतं, पण आमच्याकडे येणारी जवळपास सगळी प्रकरणं ऑफिसमध्ये, घरभेटीला, फोनवर सांगितलेली असतात, तिथे तो प्रश्नच नाही. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून वडीलजनांची मीटिंग लावून मिटवायचं हे तर सोडूनच द्या.

१५. मुलाला मारतानाचा किंवा वाईट व्हिडिओ आला, जागृती म्हणून फॉरवर्ड करू?

नको. लैंगिक स्वरूपाचा असेल तर तो पुढे पाठवणंच काय, जवळ ठेवणं पण गुन्हा होऊ शकतो, सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये हे आणखी स्पष्ट केलंय. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा, नाव न देता करायची सोय आहे. सुटका झालेल्या मुलांचे तोंडावर रुमाल बांधलेले फोटो पण नकोत, कपड्यावरून गाव ओळखतं.

१६. देणगी कशी द्यायची? माझा भाऊ अमेरिकेतून पाठवतो म्हणतोय.

आम्ही पैसे गोळा करत नाही, येण्याजाण्याचा खर्च मंडळी करतात. दुसऱ्या संस्थेला देणार असाल तर नोंदणी आणि ८०जी (देणगीवरची कर सवलत) बघा, दोन हजाराच्या वर कॅश दिली तर टॅक्समध्ये सूट मिळत नाही. भाऊ अमेरिकन नागरिक झाला असेल तर ते परदेशी पैसे झाले, संस्थेला एफसीआरए (परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी) लागतं आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या मुख्य शाखेच्या खात्यातच यावे लागतात. भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत पाठवत असेल तर तो नियम लागत नाही.

१७. आमच्या चर्चमध्ये सेशन हवंय / मला सोबत काम करायचंय.

८ फेब्रुवारी आणि ३० जुलैच्या आसपास आमची फार पळापळ असते. ८ फेब्रुवारी म्हणजे संत बखिताचा दिवस, सुदानमधली ही मुलगी लहानपणी पळवून विकली गेली होती, पुढे नन झाली, कॅथलिक चर्च त्या दिवशी तस्करीविरुद्ध प्रार्थना करतं. ३० जुलै युनोचा तस्करीविरोधी दिवस. बाकी वर्षभर कुठलाही रविवार चालतो, उपासनेनंतर दीड तास द्या, वीस मिनिटं देऊन पटकन उरका म्हणू नका.

सोबत काम करायचं तर पोलीस व्हेरिफिकेशन लागतं, पाळकसाहेबांना पण. मुलांच्या कुठल्याही सेशनला दोन मोठी माणसं, एकट्याने कुणी मुलाला बाजूला घेऊन बोलायचं नाही, मुलाचा नंबर घ्यायचा नाही, घरी सोडायला गाडीवर न्यायचं नाही. काही जण या अटी ऐकून नाराज होतात की आमच्यावर विश्वास नाही का, त्यांना आम्ही चहा पाजतो आणि चिठ्ठ्या कापायचं काम देतो.